मुलांचा कप्पा, पोलिसांचा कप्पा : घरच्या ओटीटी पॅकचे वर्षभरानंतरचे परीक्षण

गेल्या गुढीपाडव्याला आम्ही नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या घरातली जुनी केबल काढून टाकली आणि परिसरातल्याच एका ब्रॉडबँडवाल्याकडून इंटरनेटबरोबर चार ओटीटी अ‍ॅप देणारा वार्षिक पॅक घेतला. आता वर्ष सरत आले आहे, नूतनीकरणाचे संदेश दिवसाआड येऊ लागले आहेत, आणि पॅक पुढे चालू ठेवावा की नाही यावर घरात जी चर्चा झाली तिचेच हे लेखी रूप आहे. वेगाबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. पावसाळ्यात दोन वेळा सेवा दिवसभर बंद पडली, तक्रार केल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी आला, बाकीचे वर्ष सुरळीत गेले.

माझे परीक्षण पॅकमधील दोनच कप्प्यांपुरते आहे, कारण क्रिकेट सोडले तर आमच्याकडे प्रत्यक्षात वापरले गेले ते दोनच. दुसरीत शिकणारी मुलगी संध्याकाळी कार्टून पाहते, जेवणे आटोपल्यावर सासूबाई पोलिसी मालिका लावतात, आणि शाळेत चित्रकला शिकवणारी मी दोन्ही वेळा वह्यांचा गठ्ठा घेऊन त्याच खोलीत बसलेली असते. त्यामुळे माझे पाहणे अर्धवट, पण सवयीने चिकित्सक असते: कोणते पात्र कोणत्या रंगात रंगवले आहे, कोणाचे नाक कसे काढले आहे, कोण मध्यभागी उभे आहे आणि कोण कडेला, हे माझ्या नजरेतून सुटत नाही. चित्रकलेच्या तासाला मुले एकमेकांकडे ‘स्किन कलर दे’ म्हणून जो खडू मागतात तो फिकट गुलाबी असतो. वर्गातील एकाही मुलाची कातडी त्या रंगाची नाही आणि माझी तर नाहीच नाही. पेठ-सुरगाण्याकडून नाशिकला राहायला आलेल्या कुटुंबांतली मुलेही स्वतःचा चेहरा त्याच खडूने रंगवतात. हे त्यांना शाळेने शिकवलेले नाही, निदान एकट्या शाळेने तरी नाही.

पॅक घेताना मी मनाशी असे ठरवले होते की, निरनिराळ्या वर्णांची, वंशांची आणि प्रांतांची माणसे या दोन कप्प्यांत कशी दिसतात आणि काळानुसार त्यात काय फरक पडला आहे, हे जमेल तसे नोंदवून ठेवायचे. वर्षअखेर त्या नोंदी चाळताना एक उलटापालट ध्यानात आली. अमेरिकेत मुलांची कार्टून पुढे गेली आणि पोलिसी मालिका अडखळत राहिल्या. आपल्याकडे पोलिसी मालिकांना शेजारचा माणूस दिसू लागला आहे, आणि मुलांची कार्टून मात्र जुन्याच थट्टेवर चालली आहेत.

आधी मुलांचा कप्पा. त्यात जुना माल जवळजवळ नाही, ही या पॅकची पहिली उणीव आहे, कारण जुने शेजारी असल्याशिवाय नव्याची किंमत कळत नाही. माझ्या पिढीने केबलवर पाहिलेले ‘जॉनी क्वेस्ट’ हे मूळचे १९६४ चे कार्टून. त्यात कलकत्त्याचा अनाथ मुलगा हाजी हा नायकाचा सोबती असतो, डोक्याला रत्नजडित फेटा बांधतो आणि ‘सिम सिम सलाबिम’ म्हणून जादू करतो. लहानपणी आम्हाला त्याचे अप्रूप वाटले होते, कारण परदेशी कार्टूनमध्ये आपल्यासारखा दुसरा कोणी नव्हता. कलकत्त्यात असा मुलगा कोणी पाहिला आहे का, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही. तो शूर आहे, हुशार आहे, पण त्याला भारतीय ठरवणाऱ्या गोष्टी फेटा आणि मंत्र एवढ्याच आहेत. याच्या शेजारी पॅकमध्ये असलेली ‘मीरा, रॉयल डिटेक्टिव्ह’ ही २०२० ची मालिका ठेवून पाहावी. जलपूर नावाच्या काल्पनिक राज्यात राणी एका सामान्य घरातल्या मुलीला राजदरबाराची गुप्तहेर नेमते, आणि मूळ इंग्रजी आवृत्तीत पात्रांना आवाजही दक्षिण आशियाई वंशाच्या कलावंतांनी दिले आहेत. राणीचा आवाज फ्रिडा पिंटो यांचा आहे. माझी मुलगी ती पाहते तेव्हा मीरा भारतीय आहे याकडे तिचे लक्षच नसते, ते चोर कोण याकडे असते. सासूबाईंनी मात्र दोन भाग पाहून विचारले, “हे कुठलं गाव गं? घागरे राजस्थानचे, देवळं दक्षिणेकडची आणि बाजार दिल्लीचा.” आक्षेप रास्त आहे. सगळा भारत एका चौकात उभा करण्याची घाई या मालिकेला आहे, आणि नकाशावर कुठेच नसलेल्या गावात जात नसते, पाण्याचा प्रश्न नसतो. तरीही हाजीपासून मीरापर्यंतच्या ५६ वर्षांत सोबत्याचा नायक झाला आहे, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे.

हा बदल आपोआप झालेला नाही. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यानंतर हॅरिएट ग्लिकमन या कॅलिफोर्नियातील शिक्षिकेने ‘पीनट्स’चे चित्रकार चार्ल्स शुल्झ यांना पत्र लिहिले, की तुमच्या चित्रपट्टीतील मुलांत एखादे कृष्णवर्णीय मूलही असावे. आपण तसे केले तर ते उपकार केल्यासारखे वाटेल, अशी शुल्झ यांना भीती होती. पत्रव्यवहार झाला, आणि ३१ जुलै १९६८ रोजी फ्रँकलिन हे पात्र अवतरले. पुढे १९७३ मध्ये त्याच मुलांवरचा जो थँक्सगिव्हिंगचा विशेष कार्यक्रम दूरचित्रवाणीवर आला, त्यात जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला फ्रँकलिन एकटाच बसलेला आहे आणि बाकीची मुले दुसऱ्या बाजूला आणि टोकांना. हे दृश्य मी चित्रकलेची शिक्षिका म्हणून पुन्हा पुन्हा पाहिले. मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही, पण चित्रात कोणतीही जागा रिकामी राहत नाही, ती चित्रकाराने दिलेली असते. पंगतीत कोणाला कुठे बसवले याचा अर्थ मराठी वाचकाला वेगळा सांगायला नको.

त्यानंतरचा प्रवास तुलनेने सरळ आहे. १९७० मध्ये ‘जोसी अँड द पुसीकॅट्स’मधली व्हॅलरी आली, १९७२ मध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या टोळीवरचे ‘फॅट अल्बर्ट’ आले, २००० मध्ये स्पॅनिश बोलणारी डोरा आली आणि २०१२ मध्ये खेळण्यांवर उपचार करणारी कृष्णवर्णीय मुलगी ‘डॉक मॅकस्टफिन्स’. शेवटची दोन आमच्या घरी पाहिली गेली. डॉकची आई डॉक्टर आहे आणि बाबा घर सांभाळतात, याचे माझ्या मुलीला नवल वाटले, रंगाचे वाटले नाही. आमच्याकडे पोळ्या बाबांनी केल्या तर ती दिवसभर सांगत फिरते, त्यामुळे मला तिचे आश्चर्य समजले.

आवाजाचा प्रश्न सर्वांत उशिरा सुटला. ‘द सिम्प्सन्स’ हे खरे तर मोठ्यांसाठीचे कार्टून, पण मुलांनीही भरपूर पाहिलेले. त्यातील भारतीय दुकानदार अपू याला १९९० पासून हँक अझारिया हा गोरा अभिनेता ठसकेबाज हेल काढून आवाज देत होता. भारतीय वंशाचे विनोदकार हरी कोंडाबोलू यांनी २०१७ मध्ये त्यावर माहितीपट केला, २०२० च्या जानेवारीत अझारिया यांनी ती भूमिका सोडली आणि त्याच वर्षी निर्मात्यांनी जाहीर केले की यापुढे गोऱ्या नसलेल्या पात्रांना गोरे कलावंत आवाज देणार नाहीत. चेहऱ्याचा रंग बदलायला एक खडू पुरतो. आवाज बदलायचा तर कोणाचे तरी काम काढून दुसऱ्याला द्यावे लागते, म्हणूनच त्याला तीस वर्षे लागली असावीत.

आता आपल्या घरची कार्टून. पॅकच्या मुलांच्या कप्प्यात सर्वांत वर कायम दिसते ते ‘मोटू पतलू’, २०१२ पासून चालू असलेले. त्यातला पोलीस म्हणजे इन्स्पेक्टर चिंगम: काळा गॉगल, रजनीकांतची नक्कल, आणि हिंदी बोलताना मुद्दाम ओढलेला दाक्षिणात्य हेल. तो हवेत गोळी झाडतो आणि डोक्यावर नारळ पडतो. खलनायकाचे नाव जॉन. यात दुष्ट हेतू आहे असे मी म्हणणार नाही, आणि मुलगी मनापासून हसते हेही खरे आहे. परंतु अपूचा हेल आणि चिंगमचा हेल यांत मला तत्त्वतः फरक दिसत नाही. तिकडे त्यावर माहितीपट झाला, इकडे त्याच हेलाची नक्कल करून मुले शाळेच्या बसमध्ये एकमेकांना हसवतात. मराठी माणसाने तर हे चटकन ओळखायला हवे, कारण हिंदी पडद्यावरची मोलकरीण आणि बावळट हवालदार वर्षानुवर्षे कोणाच्या बोलीत बोलत आले आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. ‘छोटा भीम’ २००८ पासून चालू आहे, आणि त्यात भीमाशी स्पर्धा करणाऱ्या, दमदाटी करणाऱ्या मुलाचे नाव कालिया आहे. माझ्या वर्गात एका सावळ्या मुलाला हे नाव चिकटले होते. ते सोडवायला मला एक सत्र लागले. ‘लिटल सिंघम’ या २०१८ च्या कार्टूनमध्ये लहान मुलालाच पोलीस केले आहे, त्यात मारामारी भरपूर आणि वस्तीतील माणसे कमी आहेत. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या नावाने काडेपेटीतल्या काड्या हलवून चित्रपट केला होता. शंभर वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यातल्या माणसाला निर्जीव काड्यांतून पात्रे सुचली, तिथल्या मुलांना आज स्वतःसारखे दिसणारे एकही पात्र पडद्यावर शोधून सापडत नाही, याचे मला वाईट वाटते.

पोलिसांचा कप्पा याच्या नेमका उलट निघाला. अमेरिकेत वर्दीतला कृष्णवर्णीय माणूस लवकर आला. फ्रँकलिन ज्या वर्षी अवतरला त्याच १९६८ मध्ये ‘द मॉड स्क्वॉड’ सुरू झाली, आणि तिच्यातील तीन तरुण छुप्या पोलिसांपैकी लिंक हेज हा कृष्णवर्णीय होता. १९८१ ची ‘हिल स्ट्रीट ब्लूज’, १९८४ ची ‘मियामी व्हाइस’, १९९३ पासून ‘लॉ अँड ऑर्डर’मध्ये गुप्तहेरांची वरिष्ठ म्हणून वावरणारी कृष्णवर्णीय स्त्री, अशी ही रांग लांब आहे. आंद्रे ब्राउअर या एका अभिनेत्याच्या कारकिर्दीत ती जवळजवळ सामावते: १९९३ मध्ये ‘होमिसाइड’मध्ये तो बाल्टिमोरचा करारी तपासी अधिकारी झाला आणि वीस वर्षांनी ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ या विनोदी मालिकेत त्याच करारीपणाचे सौम्य रूप असलेला कॅप्टन होल्ट. दुसरी मालिका आमच्या पॅकमध्ये आहे आणि सासूबाई झोपल्यावर मी ती बहुतेक सगळी पाहिली. त्या पोलीस ठाण्यात कॅप्टन कृष्णवर्णीय आणि समलिंगी आहे, दोन स्त्री अधिकारी लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या आहेत, सार्जंट कृष्णवर्णीय आहे, आणि हे सगळे इतके सहज आहे की आपण गणती करायचे विसरतो.

तरीही काही तरी सुटत होते, ते २०२० मध्ये उघडे पडले. ‘कलर ऑफ चेंज’ या संस्थेने त्या वर्षाच्या सुरुवातीला २०१७-१८ च्या हंगामातील २६ गुन्हेमालिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पडद्यावर वर्दी कोणत्याही रंगाच्या अंगावर असली तरी कथा लिहिणारे आणि मालिका चालवणारे प्रामुख्याने गोरेच आहेत, आणि पोलिसांनी केलेली नियमबाह्य दांडगाई तपासाचा स्वाभाविक भाग म्हणून दाखवली जाते, असे त्यात दिसून आले. मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा गोऱ्या पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. जूनमध्ये खऱ्या पोलिसांबरोबर कॅमेरा घेऊन फिरणारा, तीस वर्षांहून अधिक काळ चाललेला ‘कॉप्स’ हा कार्यक्रम बंद करण्यात आला, आणि ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’च्या चमूने पुढच्या हंगामासाठी तयार असलेल्या चार भागांच्या संहिता टाकून दिल्या. शेवटचा हंगाम २०२१ मध्ये आला. तो मी पाहिला आणि मला तो अवघडलेला वाटला: हसवावे की माफी मागावी हे लिहिणाऱ्यांनाच ठरवता आलेले नाही. ठाण्यात सर्व रंगांची माणसे बसवली म्हणजे ठाण्याबाहेर रस्त्यावर कोणाला अडवले जाते हा प्रश्न सुटतो, अशी त्या मालिकेची सात वर्षांची समजूत होती.

आपल्याकडच्या पोलिसी मालिकांची सुरुवात साधी होती. सासूबाईंच्या आठवणीत दूरदर्शनवरची ‘एक शून्य शून्य’ आहे, आणि त्यांच्या मते त्यानंतरचे सगळे तिचेच पाणी घातलेले रूप आहे. ‘सीआयडी’ २१ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाली आणि २०१८ पर्यंत अखंड चालली. डिसेंबर २०२४ पासून ती पुन्हा सुरू झाली, त्या दिवशी आमच्याकडे जेवण अर्धा तास लवकर झाले. हिंदी मालिकेच्या केंद्रस्थानी शिवाजी साटम यांच्यासारखा मराठी अभिनेता आणि साळुंखे नावाचा डॉक्टर असणे हे त्या वेळी आम्हाला सुखावणारे होते. पण त्याच पथकातला ख्रिस्ती फ्रेडरिक्स हा हसवण्यासाठीच होता: बायकोला घाबरणारा, खाण्यात जीव अडकलेला. दिनेश फडणीस यांनी ती भूमिका इतकी गोड केली की तक्रार करायला जीभ रेटत नाही. योगायोग असा की आंद्रे ब्राउअर आणि फडणीस दोघेही डिसेंबर २०२३ मध्ये गेले. दोघांनी पोलिसाच्या वर्दीत लोकांना हसवले, मात्र एकाच्या गांभीर्यावर हसायचे होते आणि दुसऱ्याच्या बावळटपणावर.

गेल्या काही वर्षांतल्या मालिका मात्र निराळ्या आहेत, आणि पॅकचे पैसे वसूल झाले असतील तर याच ठिकाणी. ‘सेक्रेड गेम्स’मध्ये, २०१८ साली, मुंबई पोलिसांतला शीख निरीक्षक सरताज आणि त्याच्याबरोबरचा हवालदार काटेकर आहेत, जितेंद्र जोशींचा काटेकर पाहिल्यावर हिंदी पडद्यावरच्या बावळट हवालदाराची भरपाई झाल्यासारखे वाटले. ‘पाताल लोक’, मे २०२०, म्हणजे फ्लॉइड प्रकरणाच्या जेमतेम दहा दिवस आधी आलेली. तिच्यातला इम्रान अन्सारी हा तरुण मुस्लिम अधिकारी आपल्याच खात्यातली टोमणेबाजी गिळून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. २०२५ च्या दुसऱ्या हंगामात कथा नागालँडला जाते, पात्रे तिथली भाषा बोलतात, आणि प्रमुख पोलीस अधिकारी ही ईशान्येतली स्त्री आहे. सासूबाईंना पहिले दोन भाग कंटाळवाणे वाटले, कारण सबटायटल वाचावी लागत होती. तिसऱ्या भागानंतर त्यांनी चष्म्याचा नंबर तपासून घेतला.

‘दिल्ली क्राइम’चा २०२२ चा दुसरा हंगाम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दरोडे पडतात, पद्धत जुन्या कच्छा-बनियान टोळीसारखी असते, आणि अनुभवी म्हणून बोलावलेला निवृत्त पोलीस अधिकारी विमुक्त जमातींच्या वस्तीतून माणसे उचलायला लावतो, कारण त्याच्या मते गुन्हेगारी त्यांच्या रक्तातच असते. खरे गुन्हेगार वेगळेच निघतात. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ज्यांची त्यातून सुटका झाली, ती माणसे महाराष्ट्रात आपल्या अवतीभवती आहेत. चोरी झाली की पारध्यांच्या पालांवर पोलीस जातात ही बातमी आपण इतक्यांदा वाचली आहे की तिचे काही वाटेनासे झाले आहे. अमेरिकन मालिका ज्याला वंशाचा प्रश्न म्हणतात त्याचे आपल्या मातीतले रूप हे आहे, आणि ते एका लोकप्रिय पोलिसी मालिकेने केंद्रस्थानी ठेवले.

‘दहाड’ ही २०२३ ची मालिका राजस्थानातल्या मंडावा या गावात घडते. उपनिरीक्षक अंजली भाटी दलित आहे. तिचे कुटुंब मूळचे मेघवाल आडनावाचे, ते बदलून भाटी लावलेले. ठाण्यात ती शेजारून गेली की एक सहकारी उदबत्ती पेटवतो. तपासासाठी गेलेल्या या अधिकाऱ्याला एक उच्चजातीय गृहस्थ उंबऱ्यावरच अडवतो, ते दृश्य चालू असताना सासूबाईंनी रिमोट घेऊन ते थांबवले. त्यांचे माहेर पंचवटीतले, काळाराम मंदिरापासून पाच मिनिटांवर. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या सत्याग्रहाबद्दल त्यांच्या वडिलांनी काय सांगितले होते आणि काय सांगायचे टाळले होते, हे त्या पुढची वीस मिनिटे बोलत होत्या. पंधरा वर्षांच्या संसारात हे मी त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकले.

या मालिकांतही खोट आहेच. वर्दीतली माणसे सर्व थरांतली झाली तरी त्यांच्यावर हुकूम चालवणारे बहुतेक तेच राहिले आहेत, आणि कोठडीतली मारहाण इथेही सहज दाखवली जाते. माझा भाचा त्र्यंबक रोडवरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून उपनिरीक्षक होऊन बाहेर पडला तेव्हा आम्ही दीक्षान्त संचलनाला गेलो होतो. नंदुरबार, गडचिरोली, बीड, सोलापूर अशा सगळीकडची मुले-मुली एका रांगेत होती, आणि त्या मैदानावर जितक्या छटांचे चेहरे मला दिसले तितके वर्षभरात या पॅकवर दिसले नाहीत.

आता सेवेबद्दल, कारण शेवटी पैसे तिचेच मोजायचे आहेत. मुलांच्या प्रोफाइलवर ‘मीरा’ आणि ‘डॉक’ शोधल्याशिवाय सापडत नाहीत, आणि एकदा ‘मोटू पतलू’ पाहिले की पुढचे पंधरा दिवस तशाच कार्टूनची रांग लागते. आम्ही पाहिलेल्यांपैकी एकाही पोलिसी मालिकेला आमच्या पॅकवर मराठी आवाज मिळाला नाही. पोलिसी मालिकांना पिन लावणे अत्यावश्यक आहे; ती सोय आहे, पण सेटिंगमध्ये इतकी आत आहे की मला ती बसवायला आलेल्या मुलाने दाखवली. त्याला मी मराठी आवाजाबद्दलही विचारले, तेव्हा तो म्हणाला, “ताई, मागतं कोण?” मी मागते आहे, असे सांगून त्याच्या नोंदवहीत तसे लिहायला लावले.

पॅक आम्ही वर्षाऐवजी सहा महिन्यांसाठी घेत आहोत. मुलीच्या प्रोफाइलवर एकामागून एक भाग आपोआप लागण्याची सोय बंद केली आहे, आणि चारपैकी ज्या अ‍ॅपवर क्रिकेटशिवाय कोणी काही पाहिले नाही ते, नवऱ्याचा विरोध पत्करून, काढून टाकले आहे.